पाच मिंटं आत येऊ काय?

अधिक श्रावण होता, 2023 सालचा. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात वेखंड, धुरी आणि न वाळलेली दुपटी यांचा मिळून बाळंतिणीच्या खोलीचा जो वास असतो, तो भरून राहिला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नातू सात दिवसांचा. मी स्वयंपाकघरात सहाण घेऊन बसले होते. मुरुडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचे दोन, सुंठीचा अर्धा, आणि शेवटी मधाचं बोट. सासूबाईंनी मला शिकवलेलं, त्यांना त्यांच्या सासूनं.

बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई. खांद्याला फुगलेली कापडी पिशवी, काखेत छत्री.

"काकू, बाळ झालंय न्हवं तुमच्यात? मी आशा. आरोग्य केंद्रातनं आलोय. पाच मिंटं आत येऊ काय?"

(बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनही माझ्या तोंडून रागात ते निघतंच.)

मी सहाणेचे हात पदराला पुसत म्हटलं, "आमचे डॉक्टर आहेत हो. तिथंच दाखवतो आम्ही."

"डॉक्टर हायत ते ब्येसच की. मी निस्तं वजन करून जातो."

'नको' म्हणायला काही कारण सुचेना म्हणून मी दारातून बाजूला झाले. खरं सांगायचं तर आशाताई म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची स्वयंसेविका, झोपडपट्टीत, खेड्यापाड्यांत जायची बाई, आपल्याकडं हिचं काय काम, असंच माझ्या मनात होतं.

आत आल्यावर तिनं आधी साबण मागितला. हातातलं घड्याळ काढून ठेवलं, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मी धुतलेला नॅपकिन पुढं केला तर तिनं घेतला नाही. दोन्ही हात वर धरून वाऱ्यावर वाळवत उभी राहिली. मला जरा रागच आला. माझा नॅपकिन काय घाण होता? नंतर कळलं की त्यांना तसंच शिकवलेलं असतं. धुतलेला हात बाळाशिवाय कशालाच लागू द्यायचा नाही.

मग ती जमिनीवर मांडी घालून बसली. बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ समोर ठेवून नुसती पोटाकडं बघत राहिली. पोट वर जातंय, खाली येतंय. अर्ध्या मिनिटात बाळ रडायला लागलं, तर तिनं मोजणी सोडून दिली, त्याला शांत केलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरला, तर परत मोजायचा, आणि तरी तेवढाच आला तर तडक दवाखाना गाठायचा. आमचा 44 आला. काखेत थर्मामीटर. मग पिशवीतून काट्याचा तराजू निघाला, खाली झोळी असलेला. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला. नंतर त्यात आमचे युवराज. मासळी बाजारात करतात तसं वजन करतायत म्हणून लेक हसली. सात दिवसांत ती पहिल्यांदा हसली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

जन्माला 2 किलो 700 ग्रॅम. आज 2 किलो 450.

पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतंच, हे मलाही माहीत होतं. पण आशाताईचा चेहरा जरा गंभीर झाला. "दिवसातनं शू किती वेळा करतंय?" लेक म्हणाली चार-पाच वेळा. "सहाच्या वर पायजे." आणि मग एकदम माझ्याकडं वळून, "काकू, बिनसाखरेचा च्या मिळंल काय?"

मी आत गेले. चहा टाकला, बिनसाखरेचा म्हणजे हिला डायबेटिस असणार वगैरे तर्क करत दूध गरम केलं. कप घेऊन आले तेव्हा लेकीच्या मांडीवर उशी होती, बाळाचं पोट तिच्या पोटाला लागलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, तोंड चिमणीच्या पिल्लासारखं उघडलेलं, आणि ते गटागटा पीत होतं. गिळण्याचा आवाज ऐकू येत होता. सात दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. आतापर्यंत ते नुसतीच बोंडशी चोखत होतं.

जाताना तिची नजर सहाणेवर गेली. मी मनातल्या मनात कंबर कसली. पण ती म्हणाली, "जुनी दिसतीया. सासूबाईंची?" मी हो म्हटलं. तिनं सहाणेवरून बोट फिरवलं, मधे पडलेला खळगा चाचपला. "आधी ह्येचं वजन वाढू दे काकू. तवर हिला वर ठेवूया. आणि मध तर नगोच, वर्षाचं हुईपर्यंत." मी म्हटलं, माझी पोरगी याच गुटीवर वाढलीय. "वाढली की," ती म्हणाली. वाद संपला. समोरचा वाद घालायच्या तयारीत असताना त्याचं म्हणणं कबूल करून टाकायचं, हे मला वर्गात कधी जमलं नाही.

ती गेल्यावर कप उचलायला गेले, तर चहा तसाच. वर साय धरलेली.

त्या रात्री लेकीनं सांगितलं. बोंडशीला चिरा पडल्या होत्या, दूध पाजायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. रात्री दोनला मी झोपले की ती गुपचूप बाटली द्यायची. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी सोडताना एका बाईनं पावडरीच्या दुधाचा डबा हातात ठेवला होता, 'लागलं तर असू दे' म्हणून. तसा डबा असा वाटायला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. पण चांगल्या खोलीचं, चांगल्या बिलाचं ते हॉस्पिटल, आम्ही आभार मानून घेतला होता. तीन दिवसांत तिथं बाळाला पाजताना समोर बसून कुणी बघितलं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आमच्या वेळी असं काही नव्हतं."

म्हटलंच असतं.

नियमाप्रमाणं दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाच्या सहा भेटी असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. आमच्याकडची तिसऱ्या दिवसाची चुकली होती, कारण खाजगी दवाखान्यातलं बाळंतपण तिला कळलंच नव्हतं. गल्लीतल्या वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याची भरपाई म्हणून की काय, नवव्या दिवशी ती वेळापत्रकात नसताना आली. 2 किलो 500. चौदाव्या दिवशी जन्माचं वजन भरून निघालं. कुणाचा जीव वाचला वगैरे काही झालं नाही. डबा अर्धा राहिला, तो टाकून दिला.

एकविसाव्या दिवशी तिनं पुन्हा चहा मागितला. या वेळी मी जागची हलले नाही. म्हटलं, "मागच्या दोन्ही वेळचा चहा तू प्याली नाहीस."

ती ओशाळून हसली. "काकू, आई न्हाईतर सासू, कोणतरी असतंयच की उशाला. पोरगी तोंडच उघडत न्हाई. मग च्या मागायचा. मी च्या पितच न्हाई, पित्त हुतंय मला."

ही युक्ती कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात, मला माहीत नाही. तिच्या फॉर्मवर वजन, ताप, श्वास, नाळ, सगळ्याला रकाने आहेत.

माझी भाची लेस्टरला असते. तिला वर्षापूर्वीच मुलगी झालेली. तेव्हा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली होती, "आत्या, इथं ना हेल्थ व्हिजिटर घरी येते." अकराव्या दिवशी आलेली. लाल पुठ्ठ्याचं एक पुस्तक असतं, त्यात बाळाचं वजन, लसी, सगळं. इंग्लंडमध्ये अशा भेटी ठरलेल्या आहेत: एक गरोदरपणात, मग जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान, सहा ते आठ आठवड्यांनी, वर्षाच्या आसपास आणि दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर. येणारी बाई नर्स किंवा सुईण असते आणि वर वेगळं शिक्षण घेतलेली. सहा-आठ आठवड्यांच्या भेटीत तिनं बाळाआधी भाचीलाच विचारलं होतं, तुला कसं वाटतंय, झोप लागते का, रडू येतं का. भाची म्हणाली, मी तिच्यासमोर पाऊण तास रडले. "तुमच्याकडं कोण येतं गं?" मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, आमच्याकडं घरात चार बायका असतात, बाहेरची कशाला लागतेय.

घरातल्या चार बायकांसमोर रडता येत नाही, हे मला चहाच्या कपानं शिकवलं.

पण 'हेल्थ व्हिजिटर' हा शब्द मला लेस्टरचा वाटलाच नव्हता. माझं बालपण भुदरगड तालुक्यातलं. गारगोटीच्या पुढं, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तुटणारं गाव. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका दारावर पांढऱ्या अक्षरांत पाटी होती: लेडी हेल्थ व्हिजिटर. गावाला तो शब्द झेपायचा नाही. सगळे 'मोठ्या नर्सबाई' म्हणायचे. आता त्यांना आरोग्य सहायिका म्हणतात, बोलताना एलएचव्ही. सहा उपकेंद्रांच्या नर्सबाईंवर एक. आमच्या मोठ्या नर्सबाई गुडघ्यापर्यंत साडी खोचून ओढा ओलांडत यायच्या आणि आल्या आल्या घरात न शिरता परड्यात जायच्या. पाण्याचं भांडं कुठं ठेवलंय, उकिरडा किती लांब, म्हैस कुठं बांधलीय, हे बघून मग सोप्यात टेकायच्या. आजी म्हणायची, ही बाई पोरं बघायला येतीय का म्हशी?

त्याआधी देवी डॉक्टर यायचा. तो आला की आम्ही पोरं उसात पळायचो. माझ्या दंडावर त्यानं टोचलेले दोन रुपयाएवढे वण अजून आहेत. लेकीच्या दंडावर नाहीत. 1975 साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि ते टोचणं थांबलं. तिच्या डाव्या दंडावर बीसीजीचा बारका वण आहे, आणि नातवाच्या तिथंच महिन्याभरानं पुटकुळी आली, तेव्हा ती फोड समजून मी हळद लावायला निघाले होते.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर ते 1862 च्या मँचेस्टर-सॅल्फर्डमध्ये सापडतं. गिरण्यांच्या धुरातली गरीब वस्ती, पोरं पटापट मरायची. तिथल्या सधन बायकांच्या स्वच्छता मंडळानं ठरवलं की वस्तीतल्याच एखाद्या कष्टकरी बाईला पगार देऊन घरोघरी पाठवायचं. मेमसाहेबांनी जाऊन उपयोग नव्हता. दार उघडलं असतं, पण कान उघडले नसते. आपल्याकडं 2005 नंतर आशा नेमल्या, तेव्हाची अट हीच: ती त्याच गावची हवी, आणि शक्यतो गावची सून. लेक लग्न होऊन जाईल, सून राहील, हा हिशोब.

आणि ते श्वास मोजणं? ते गडचिरोलीहून आलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथं 39 गावांत बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. फारसं न शिकलेल्या बायकांना साठच्या वर मोजता यावं म्हणून मणी सरकवत श्वास मोजायचं एक साधं उपकरण त्यांनी त्याआधीच केलं होतं. घरी जाऊन बाळ तपासायचं, ऊब द्यायची, पाजायला शिकवायचं, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले: त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून ते इंजेक्शन वगळून बाकीचं बरंचसं देशभरातल्या आशांच्या पिशवीत आलं. माझ्या हॉलमध्ये मांडी घालून बसलेली बाई एक मिनिटभर गप्प होती, तेव्हा मला वाटलं होतं, हिला काही येतं का नुसती बसलीय.

पुढच्या जानेवारीत मी एक दिवस शिरोळ तालुक्यात गेले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या उपकेंद्रावर सिस्टर आहे. (गावात नर्सबाई, शहरात सिस्टर, कागदावर एएनएम, काम तेच.) फोनवर आशाताईचं कौतुक करत होते, तर ती म्हणाली, "बाई, माझ्यासंगं एकदा खोपांवर या."

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात, जतच्या येतात, विजापूरकडूनही येतात. दिवाळीच्या आगेमागे येतात, उन्हाळा लागला की जातात. शेताच्या कडेला पाचटाच्या खोपा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पहाटे चारला फडात. सिस्टरनं सकाळी अकराला लस घेऊन जायचं म्हटलं, तर खोपेत असतात फक्त म्हातारी माणसं आणि आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ. म्हणून आम्ही दुपारी तीननंतर, गाडी भरून बायका परततात त्या वेळेला गेलो. निळा डबा गाडीच्या पुढ्यात, आत चार बाजूंनी बर्फाचे चार पॅक, मधे कुप्या.

एका खोपेपाशी दहा महिन्यांचं पोर सापडलं, गोवर-रुबेलाची लस राहिलेलं. सिस्टरनं कार्ड मागितलं. बाईनं खोपेच्या पाचटात हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याशा उपकेंद्राचं. जन्माची, दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची लस, तारखा सुवाच्य अक्षरात, आणि नवव्या महिन्याच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: 'तोडीला जाणार, तिकडे देणे.' सिस्टर त्या ओळीकडं बघून म्हणाली, "कोण हाय काय की ही बाई. पण अक्षर झ्याक हाय." त्याच चौकटीत तिनं आपली तारीख घातली.

पण त्याआधी अर्धा तास गेला. आई तयार नव्हती. सुईला ती भीत नव्हती. भीत होती तापाला. पोराला ताप आला तर उद्या तिला फडात जाता येणार नाही, ती नाही गेली तर कोयता बंद, खाडा, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. सिस्टरनं ताप येणारच नाही असं खोटं सांगितलं नाही. म्हणाली, या लशीचा ताप बहुतेकांना येतच न्हाई, आणि आला तर आजच्या उद्या न्हाई, आठवड्याभरानं येतोय. तवा औषध हितंच ठेवून जातो, कसं द्यायचं ते सांगतो, आणि रविवारी संध्याकाळी येऊन बघून जातो. मग कुपी वर धरून तिच्यावरचा ठिपका पाहिला. वर्तुळात एक चौकोन असतो. लस उन्हातान्हात तापली तर तो चौकोन काळवंडत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला येऊन मिळतो. मिळाला की ती कुपी बाद. हा चौकोन अजून पांढरट होता.

मी विचारलं, एका पोरासाठी पाच डोसांची कुपी फोडायची? फोडली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यायची.

"फोडायची, बाई. पुढल्या आठवड्यात ही टोळी कुठल्या गावात असंल सांगता येतंय?"

टोचल्यावर चार निरोप: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेव. हे चार निरोप सांगायचेच असतात, ठरलेले आहेत. चौथा सांगायच्या आत बाईनं कार्ड परत पाचटात खोवलंही होतं. अर्धा तास थांबायचा नियम, म्हणून आम्ही तिथंच बसलो. बाईनं आम्हाला ऊस दिला. सिस्टरनं दाताने सोलून खाल्ला, माझ्या दातांना ते आता झेपत नाही.

येताना सिस्टर म्हणाली, खोपेतली बाई नको म्हणते, पण बसवून घेते. बंगल्यातली बाई नको म्हणत नाही, दारच उघडत नाही. मला पल्स पोलिओचे दिवस आठवले. 1995 ला ते सुरू झालं आणि आम्हा शिक्षकांना बूथवर बसवायला लागले. पुढं काही वर्षांनी बूथच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघरी जाणंही आलं, सगळ्या पोरांना डोस झाला असेल तर दारावर खडूनं एक खूण, कुणी राहिलं असेल तर फुली. माझ्या वाट्याला आलेल्या भागात फुलीची दारं कायम चांगल्या कॉलन्यांत असायची. कुत्र्यापासून सावध राहा आणि सेल्समनना प्रवेश नाही, या दोन पाट्यांच्या मधे. त्या सगळ्या खटाटोपाचं फळ 2014 च्या मार्चमध्ये मिळालं, भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मी तेव्हा शिक्षकांना लावलेल्या या कामाविरुद्धच्या निवेदनावर सही करून मोकळी झालेली होते. सही चूक होती असं अजूनही वाटत नाही, मास्तरांनी शिकवावं. पण ते काम करायला ज्या बाया आहेत, त्यांना आपण काय देतो?

बेचाळीस दिवसांच्या त्या सगळ्या भेटी मिळून आशाला 250 रुपये मिळतात. त्याच नातवाच्या बारशाला आम्ही पाहुण्यांना पेढे वाटले, त्यातला एका घरचा पुडा जवळपास तेवढ्याचा होता. ती पगारी नाही. 'स्वयंसेविका' आहे, कामागणिक मोबदला घेणारी. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा तिच्या व्हॉट्सॅपवर दिवसभर फुलांचे गुच्छ आले म्हणे. नातू तीन महिन्यांचा झाला तेव्हा तिची पुढची भेट ठरलेली होती. तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्या परत येतात. ती आली नाही. दिवाळीच्या तोंडावर राज्यभरातल्या आशा संपावर होत्या. हिवाळ्यात पुन्हा संप झाला, तेव्हा त्या मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या. आमचीही गेली होती. आली ती घसा बसवून. मी विचारलं, काय मिळालं? "उनात बसायला शिकलो," म्हणाली, आणि मग बराच वेळ मोबाईलवर कुठलीशी माहिती भरत बसली, कारण संपातली राहिलेली नोंद तिलाच भरायची होती. पाच रजिस्टरं होती, त्यांच्या जोडीला ॲप आलं. रजिस्टरं काही गेली नाहीत.

लेक आता पुण्याला असते, चौदा मजली इमारतीत. तिथं कुणी येत नाही. वॉचमनच्या वहीत 'आशा' म्हणून नोंद करायला रकाना नसेल बहुधा. नातू दीड वर्षाचा असताना त्याचा डोस राहून गेला, तो तिनं कार्ड बघून स्वतःच शोधला. कोल्हापूरचं ते कार्ड फाटलंय, तिनं सेलोटेप लावून ठेवलंय.

परवाच्या उन्हाळ्यात समोरच्या घरात सून बाळंत झाली. सासूबाई माझ्याच वयाच्या, म्हणजे माझ्याचसारख्या. सहाण, शेक, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर. आशाताई आली तेव्हा मी सहज म्हणून तिथंच होते. हात धुतले, वाऱ्यावर वाळवले, घड्याळ समोर ठेवलं. सासूबाई बाळंतिणीच्या उशाशी पाय रोवून बसलेल्या, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सुनेच्या आधी देत होत्या. दूध? भरपूर आहे. झोप? झोपते की. सून खाली मान घालून दुपट्याची शिवण उसवत होती.

आशाताईनं चहाचं नाव काढायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी तिथूनच हाक मारून नातीला पिटाळलं, "जा गं, आशाबाईंना च्या टाक." आणि जागच्या हलल्या नाहीत.

आशाताईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच.

मी उठले. म्हटलं, "वहिनी, जरा आमच्याकडं चला. लोणच्याला खार घातलाय, मीठ बघायचंय, माझ्या जिभेला काही कळेना झालंय."

त्या कुरकुरत उठल्या. मी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात आणलं, पाटावर बसवलं, बरणी काढली. लोणचं त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, मीठ बरोबर आहे, जाते मी.

"थांबा हो," मी म्हटलं. "चहा टाकते." आणि आलं ठेचायला घेतलं, अगदी बारीक.